कोल्हापुरात कुत्रा पाळायचा, तर कोणता?

कुत्रा आणायचा असे घरात ठरले की चर्चा लगेच जातीवर येते. कोणाला लॅब्राडॉर हवा असतो, कोणाला शेजारच्या बंगल्यातला हस्की आवडलेला असतो, आणि गावाकडचे काका ‘राखणीला गावठीच बरा’ असे सांगून मोकळे होतात. या लेखात क्रम उलटा ठेवला आहे. आधी घरातल्या माणसांचा वेळ, घराची रचना आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे पडणारा पाऊस यांचा हिशेब मांडावा, आणि जात त्यानंतर ठरवावी. माझ्या मते यांतला पावसाचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण डिसेंबरातल्या सकाळी रंकाळ्यावर कोणताही कुत्रा आनंदाने फिरवता येतो. जुलैच्या झडीत पहाटे साडेपाचला एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात दोरी धरून कोण बाहेर पडणार, हे मात्र कुत्रा घरी येण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते.

पहिली पायरी: कामांपुढे नावे लिहावीत

एका कागदावर रोजची कामे लिहावीत: सकाळ-संध्याकाळचे फिरवणे, दोन वेळचे खाणे, अंगावरची गोचीड पाहणे, विंचरणे, दवाखाना. प्रत्येक कामापुढे घरातल्या एका प्रौढ व्यक्तीचे नाव लिहावे. ‘सगळे मिळून करू’ असे उत्तर आले, तर ते काम आईच्या किंवा आजीच्या अंगावर पडणार हे धरून चालावे आणि तिची संमती आधी घ्यावी. मुलांची नावे मदतनीस म्हणून लिहायला हरकत नाही, परंतु मध्यम बांध्याचा कुत्रा दहा ते तेरा वर्षे जगतो, आणि पाचवीतल्या मुलाच्या हट्टापायी आणलेला कुत्रा तो मुलगा इंजिनिअरिंगसाठी पुण्याला जातो तेव्हा जेमतेम सात-आठ वर्षांचा असतो. पुढची वर्षे त्याचे कोण करणार, याचे उत्तर कागदावर असले पाहिजे.

निरोगी, मध्यम बांध्याच्या कुत्र्याला दिवसातून दोन वेळा मिळून किमान एक तास चालणे लागते. पिल्लाची गरज वेगळी असते. त्याच्या वयाच्या महिन्यांत एक मिळवावा, साधारण तितके तास ते दिवसा लघवी धरून ठेवू शकते, म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला दर तीन तासांनी, आणि खेळल्यावर, जेवल्यावर, झोपेतून उठल्यावर लगेच, बाहेर न्यावे लागते. नवरा-बायको दोघेही शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरीला असतील आणि घराला दिवसातले सात-आठ तास कुलूप असेल, तर पिल्लू आणणे हा त्या पिल्लावर अन्याय ठरतो. अशा घरासाठी दुसरा मार्ग आहे, तो पुढे येईलच.

आणखी दोन गोष्टी याच बैठकीत मिटवाव्यात. पहिली, कुत्र्याचा घरातला वावर. अनेक घरांत देवघराचे सोवळे पाळले जाते, काही घरांत स्वयंपाकघरात प्राणी चालत नाही. हे नियम पहिल्या दिवसापासून सगळ्यांनी सारखे पाळले तर कुत्रा उंबऱ्यापाशी थांबायला सहज शिकतो, मात्र एकाने आत बोलवायचे आणि दुसऱ्याने हाकलायचे असे झाले तर तो गोंधळतो. घरात अजिबात घ्यायचाच नाही, दिवसभर गच्चीवर साखळीला बांधून ठेवायचा, असाच बेत असेल तर कुत्रा आणू नये. दुसरी गोष्ट परगावी जाण्याची. चैत्रातली जोतिबाची यात्रा, गावची जत्रा, लग्नसराई, दिवाळीची सुट्टी या दिवसांत त्याला सांभाळणारे एक घर आधीच बोलून ठेवावे.

घरात कोणाला दमा किंवा ॲलर्जी असेल, तर ‘या जातीचे केस गळत नाहीत’ या विक्रेत्याच्या आश्वासनावर विसंबू नये. ॲलर्जीचे कारण बहुधा कुत्र्याची लाळ आणि त्वचेचा कोंडा हे असते, आणि ते प्रत्येक कुत्र्याला असतात. त्या व्यक्तीने कुत्रा असलेल्या ओळखीच्या घरी चार-पाच वेळा तास-दोन तास बसून पाहावे.

दुसरी पायरी: घर, गल्ली आणि पावसाळा

लहान घराला लहान कुत्रा आणि मोठ्या घराला मोठा, हा समज अर्धाच खरा आहे. ग्रेट डेनसारखा अवाढव्य कुत्रा दिवसाचा बराच भाग लोळत काढतो, तर दहा किलोचा बीगल दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कंटाळला की चपला, उशा आणि सोफ्याचे कोपरे यांचा फडशा पाडतो. चौरस फुटांपेक्षा कुत्र्याचा स्वभाव आणि त्याला मिळणारा व्यायाम यांकडे अधिक पाहावे.

पेठांतल्या घरांत जागेपेक्षा आवाज हा मोठा प्रश्न असतो. शिवाजी पेठ किंवा मंगळवार पेठेत दार थेट गल्लीत उघडते, गणपतीत ढोल-ताशे आणि साउंड सिस्टिम दारावरून जाते, आणि शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीच्या संघाने फुटबॉलचा सामना मारला की दिवाळी नसतानाही फटाके उडतात. बुजरे पिल्लू अशा ठिकाणी कायम धास्तावलेले राहते. पेठेतल्या घरासाठी पिल्लू निवडताना धीटपणा ही पहिली अट धरावी. तो कसा पारखायचा, हे खाली दिले आहे.

ताराबाई पार्क, नागाळा पार्क, राजारामपुरी या भागांतल्या अपार्टमेंटमध्ये शेजाऱ्यांची हरकत हा नेहमीचा विषय आहे. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला बहुमताचा ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. तथापि हा कागद शेजाऱ्याच्या तोंडावर नाचवण्यापेक्षा जिन्यातली घाण स्वतः उचलणे, लिफ्टमध्ये दोरी आखूड धरणे आणि रात्रीचे भुंकणे आटोक्यात ठेवणे याने शेजार अधिक टिकतो. सतत भुंकणारी जात फ्लॅटसाठी टाळावी, असे म्हणण्याचे कारणही हेच.

आता पाऊस. राधानगरी-गगनबावड्याकडे पावसाचा जोर फार मोठा असतो, शहरातही आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही, आणि या दिवसांत कुत्र्याच्या अंगाला तीन तऱ्हांनी त्रास होतो. दाट दुहेरी केसांचा थर ओला झाला की आतून वाळत नाही, त्यामुळे त्वचेला बुरशी धरते आणि अंगाला कुबट वास येऊ लागतो. कॉकर स्पॅनियलसारख्या लोंबत्या कानांच्या जातींत कानाच्या आत ओल राहून जंतुसंसर्ग होतो. कुत्रा सारखा डोके झटकू लागला आणि कानातून तपकिरी मळ येऊ लागला तर दवाखाना गाठावा. तिसरा त्रास गोचिडांचा. गोचिडांमुळे होणाऱ्या एर्लिकिया आणि बबेसिया या आजारांत ताप येतो, खाणे सुटते, हिरड्या पांढुरक्या पडतात, आणि उपचाराला उशीर झाला तर कुत्रा दगावतो. म्हणून फिरून आल्यावर त्याला जुन्या टॉवेलने पुसताना पायाच्या बोटांच्या बेचक्या एक-एक करून उघडून पाहाव्यात, कानांच्या मुळाशी आणि शेपटीखाली बोटे फिरवावीत. आखूड केसांच्या कुत्र्याचे हे काम पाच मिनिटांत उरकते, तर लांब केसांच्या कुत्र्याला पंख्याखाली बसवून अर्धा तास विंचरावे लागते. हा अर्धा तास रोज काढता येणार नसेल, तर गोल्डन रिट्रीव्हर, शिह त्झू आणि तत्सम जाती यादीतून येथेच वगळाव्यात.

पंचगंगेच्या काठच्या वस्तीसाठी आणखी एक हिशेब आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी मानली जाते, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांत पाणी त्याच्या कितीतरी वर गेले. आपले घर पूररेषेच्या जवळ असेल, तर बोटीत किंवा ट्रॅक्टरवर ज्याला उचलून घेता येईल, स्थलांतराच्या ठिकाणी माणसांच्या गर्दीत जो बिथरणार नाही, असाच कुत्रा निवडावा. साठ किलोचा सेंट बर्नार्ड येथे सर्वस्वी गैरसोयीचा. पुराच्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, तो कुत्र्यांना होतो आणि त्यांच्याकडून माणसांनाही होऊ शकतो. त्यामुळे लस देताना तिच्यात लेप्टोचा अंतर्भाव आहे की नाही, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे, आणि ती पावसाळ्यापूर्वी द्यावी.

उन्हाळा त्या मानाने सोसण्याजोगा असला तरी एप्रिल-मेमध्ये पारा ३८-३९ अंशांपर्यंत चढतो. कुत्रा घामाने फारसा निवत नाही, तो धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. पग, बुलडॉग, शिह त्झू यांची नाकाडे इतकी आखूड असतात की त्यांना धापा टाकणेच अवघड जाते, आणि दमट हवेत त्यांना उष्माघात चटकन होतो. सायबेरियन हस्कीच्या बाबतीत तर अधिक काय लिहावे? जो कुत्रा बर्फात गाडी ओढण्यासाठी घडला, त्याला वातानुकूलित खोलीत कोंडून जगवणे हा शौक असेल, पण त्याला कुत्रा पाळणे म्हणता येणार नाही.

तिसरी पायरी: जातीचे मूळ काम पाहावे

माणसाने प्रत्येक जात कोणत्या ना कोणत्या कामासाठी घडवली आहे. काम सुटले तरी त्याची ओढ अंगात राहते, आणि ज्याला आपण खोडी म्हणतो ती पुष्कळदा ही ओढच असते.

लॅब्राडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर पाण्यात उतरून जाळी आणि मासे आणत. म्हणून त्याला पाणी दिसले की राहवत नाही आणि दिसेल ती वस्तू तो तोंडात धरतो. स्वभावाने तो बहुधा मायाळू असतो, मुलांत रमतो, शिकतोही लवकर. पण २५ ते ३६ किलोंचा हा कुत्रा खाण्याला कधी नाही म्हणत नाही, आणि कोल्हापुरी पाहुणचारात तो वर्षाच्या आत लठ्ठ होतो. लठ्ठपणाने त्याचे मुळातच नाजूक असलेले कमरेचे सांधे लवकर निकामी होतात. जर्मन शेफर्ड हा मेंढ्यांमागचा कुत्रा. त्याला पायांबरोबर डोक्यालाही काम लागते, आणि रोज वीस मिनिटे तरी शिकवणी घेणारा मालक नसेल तर तो फाटकापाशी येरझारा घालत प्रत्येक सायकलवर भुंकत बसतो. बीगल सशांच्या मागावर टोळीने सोडला जाई, त्यामुळे नाक जमिनीला लागले की मालकाची हाक त्याच्या कानी पडत नाही, आणि एकटा पडला की तो ओरडून गल्ली जागी करतो. डॅशहुंड बिळांत शिरून बॅजर नावाचा प्राणी बाहेर काढण्यासाठी घडला. कुंड्यांतली माती तो उकरणारच, आणि लांब पाठीमुळे त्याला दिवसातून दहादा जिना चढवणे-उतरवणे धोक्याचे ठरते. डॉबरमन आणि रॉटवायलर हे पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्यांनी घेऊ नयेत, यापलीकडे त्यांविषयी येथे लिहिण्याची गरज नाही. पॉमेरियन या नावाने बाजारात जो पांढरा कुत्रा मिळतो, तो बहुधा इंडियन स्पिट्झ असतो. येथल्या हवेला तो रुळलेला आहे, फ्लॅटमध्ये मावतो, वृद्ध जोडप्याला सोबत चांगली करतो, मात्र दारावरची बेल वाजली की भुंकण्याचे त्याचे व्रत मोडत नाही.

आक्रमक समजल्या जाणाऱ्या २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवावी, असे पत्र केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राज्यांना पाठवले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पुढच्याच महिन्यात रद्द केले. कायद्याचे काहीही असो, पिटबुलसारखा कुत्रा रुबाबासाठी पाळणाऱ्याने त्याच्या चाव्याची जबाबदारीही आपलीच असते, हे ध्यानात ठेवावे.

आता आपल्या मातीतल्या कुत्र्यांविषयी सविस्तर. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि शेजारचा उत्तर कर्नाटक हा कारवान कुत्र्यांचा मुलूख. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी त्यांना आश्रय दिला, म्हणून मुधोळ हाउंड हेही नाव रूढ झाले. जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदावर कारवान हाउंड असे छापलेले असते. विक्रेत्याने या दोन स्वतंत्र जाती म्हणून दोन भाव सांगितले तर सावध व्हावे. ज्याच्या कानांवर आणि शेपटीवर रेशमी झुपके असतात त्याला पश्मी म्हणतात. टपाल खात्याने २००५ मध्ये भारतीय कुत्र्यांच्या चार जातींवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता, आणि भारतीय सैन्याने मेरठच्या केंद्रात या जातीचे प्रशिक्षण सुरू केल्यावर तिची मागणी एकदम वाढली.

ही प्रसिद्धी वाचून मात्र कारवान घेऊ नये. तो नजरेने शिकार करणारा कुत्रा आहे. डोके लांब आणि अरुंद, छाती खोल, पोट आत ओढलेले, आणि दूरवर काही हलले की क्षणार्धात सुटणारा. बांधावरून मांजर, कोंबडी किंवा करडू पळाले तर हाक मारून तो परतत नाही. म्हणून त्याला उघड्या रस्त्यावर दोरी सोडून फिरवू नये, आणि मोकळा सोडायचा तर किमान सहा फुटी भिंतीचे आवार हवे. मळ्यात राहणाऱ्या, रोज पहाटे त्याला बंदिस्त रानात दौडवू शकणाऱ्या कुटुंबासाठी तो उत्तम. त्याच्या दौडीची हौस सशावर भागवण्याचा मोह काहींना होतो, पण वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे. घरात हाच कुत्रा आश्चर्य वाटावे इतका शांत असतो, कोपऱ्यात अंग दुमडून तासन्‌तास पडून राहतो, अंगाला वास जवळजवळ नसतो आणि आखूड केसांमुळे पावसाळ्यात लगेच वाळतो. परक्याने अंगावर हात टाकलेला त्याला खपत नाही, आणि मालकाने आरडाओरडा केला तर तो मनात अढी धरतो. आणखी एक बारीक गोष्ट: त्याची मान डोक्यापेक्षा जाड असल्याने नेहमीचा गळपट्टा मागे जोर लावताच कानांवरून निसटतो. त्याच्यासाठी रुंद, ओढल्यावर थोडासा आवळणारा पट्टा घ्यावा, आणि तो घालून घराच्या आवारात दोन-चार वेळा ओढून पाहिल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नये.

गावठी कुत्र्याची बाजू मात्र मी उघडपणे घेतो. कोणत्याही एका कामासाठी माणसाने त्याची अतिरेकी निवड केलेली नाही, त्यामुळे आखूड नाकाडाचे, वाकड्या पाठीचे किंवा सैल सांध्यांचे आजार त्याला क्वचितच असतात. वजन साधारण १५ ते २५ किलो, केस आखूड, येथल्या उन्हापावसाची सवय पिढ्यांपासूनची. हजार-बाराशे चौरस फुटांच्या घरात, सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास फिरवणाऱ्या सर्वसाधारण नोकरदार कुटुंबासाठी याहून सोयीचा कुत्रा मला सुचत नाही. त्याचे दोष म्हणावेत तर एवढेच, की तो फार सावध असतो, आपली हद्द कडेकोट राखतो, आणि लॅब्राडॉरप्रमाणे कोणाही पाहुण्याच्या पायांशी लोळण घेत नाही. पिल्लूपणी अनेक माणसे, गाड्या आणि आवाज दाखवले तर हा सावधपणा ताब्यात राहतो.

शेतवस्तीवरच्या लोकांनी एक धोका लक्षात घ्यावा. पन्हाळा, शाहूवाडी, आजरा या बाजूला उसाच्या फडांतून बिबट्याचा वावर असतो आणि अंगणात बांधलेला कुत्रा ही त्याची सोपी शिकार असते. धनगर आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा घालतात तो याचसाठी. रात्री कुत्रा गोठ्यात किंवा पडवीत दाराआड घ्यावा. राखण करण्यासाठी त्याने उघड्यावर असण्याची गरज नसते, आतून भुंकला तरी माणसे जागी होतात.

चौथी पायरी: पिल्लू की मोठा कुत्रा

वर उल्लेखिलेल्या, दिवसभर कुलूपबंद असणाऱ्या घरासाठी आणि साठी ओलांडलेल्या जोडप्यासाठी दोन-तीन वर्षांचा मोठा कुत्रा दत्तक घेणे हा पिल्लापेक्षा चांगला पर्याय आहे. त्याचा आकार, स्वभाव आणि भुंकण्याची सवय समोर दिसत असते, कुरतडण्याचे वय सरलेले असते, आणि तो सात-आठ तास एकटा राहू शकतो, अर्थात आधी आणि नंतर फिरवणे होत असेल तर. मोठा कुत्रा लळा लावत नाही, हा गैरसमज आहे.

मादी साधारण दर सहा महिन्यांनी माजावर येते आणि तो काळ सुमारे तीन आठवड्यांचा असतो. त्या दिवसांत गल्लीतले सगळे नर दारात मुक्काम ठोकतात. पैदास करायची नसेल तर, आणि बहुतेकांनी ती करू नये, नर असो की मादी, पशुवैद्याच्या सल्ल्याने योग्य वयात नसबंदी करून घ्यावी.

पाचवी पायरी: कोठून आणावे आणि पिल्लू कसे पारखावे

रस्त्यावरची बहुतेक पिल्ले पावसाळा सरल्यावर आणि हिवाळ्यात जन्मतात. गल्लीतल्या कुत्रीचे पिल्लू घ्यायचे तर ते आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईजवळच राहू द्यावे आणि तोवर आईलाच खाऊ घालावे. भावंडांशी खेळताना किती जोरात चावले की समोरचा ओरडतो, हे पिल्लू याच काळात शिकते, आणि लवकर तोडलेले पिल्लू पुढे हातापायांना कडकडून चावते.

जातिवंत पिल्लू विकत घ्यायचे असेल, तर २०१७ च्या श्वान पैदास व विक्री नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे आणि आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. मोबाईलवरचे फोटो पाहून आगाऊ रक्कम पाठवू नये. स्वतः जाऊन आई पाहावी, तिची राहण्याची जागा पाहावी, तिला किती वेळा पिल्ले झाली ते विचारावे. आई दाखवायला टाळाटाळ झाली, तर व्यवहार तेथेच थांबवावा. शेपटी किंवा कान कापलेले पिल्लू घेऊ नये.

पिल्लाची पारख अशी करावी. डोळे स्वच्छ, नाक वाहते नसलेले, हिरड्या गुलाबी, शेपटीखालचा भाग कोरडा. अंग हडकुळे आणि पोट मात्र नगाऱ्यासारखे फुगलेले असेल तर जंत आहेत असे समजावे. मग सगळ्या पिल्लांपासून दहा पावले दूर जाऊन खाली बसावे आणि किल्ल्यांचा जुडगा जमिनीवर टाकावा. जे पिल्लू दचकेल, पण थोड्या वेळाने आपणहून हुंगायला येईल, ते बहुतेक घरांसाठी योग्य. जे कोपऱ्यात दडून राहील ते पेठेतल्या गजबजाटासाठी नव्हे, आणि जे सगळ्यांना तुडवत पहिले धावून येईल व हात सोडणार नाही, ते अनुभवी मालकासाठी. ही परीक्षा अचूक नसते, म्हणून शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या दिवशी, दोन वेगवेगळ्या वेळी जाऊन पाहावे.

सहावी पायरी: खर्च, खाणे आणि दवाखाना

तीस किलोच्या लॅब्राडॉरला कोरडे तयार खाद्य दिवसाला साधारण ३०० ते ४०० ग्रॅम लागते, म्हणजे महिन्याला नऊ ते बारा किलो. आपल्या दुकानातला भाव लावून हा आकडा पिल्लू आणण्यापूर्वीच काढावा. घरचे खाणे चालते, पण ज्वारीची भाकरी आणि दूध एवढ्यावर वाढते पिल्लू पोसत नाही, त्याला अंडी, उकडलेले चिकन असे प्रथिन हवे. पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही आणि जुलाब होतात.

रविवारच्या मटणाचा विषय येथे काढणे भाग आहे. उरलेला तांबडा-पांढरा रस्सा आणि हाडे कुत्र्याला घालणे ही आपल्याकडची सर्रास रीत आहे, पण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतात, आणि शिजलेल्या हाडाचे अणकुचीदार तुकडे होऊन आतडे फाटू शकते. मसाला घालण्यापूर्वी काढून ठेवलेले चार तुकडे त्याला पुरेत. चॉकलेट त्याला विषारी आहे. द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंडांना घातक असतात, त्यामुळे तासगावचा बेदाणा घरात पोत्याने येत असेल तर तो उंचावर ठेवावा.

पहिल्याच आठवड्यात पशुवैद्याकडे जाऊन लसीकरणाचे पुस्तक सुरू करावे. सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो, डिस्टेंपर आदी रोगांची एकत्रित लस सुरू होते, ती दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत देतात; रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. पार्व्होत उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू होऊन पिल्लू दोन-तीन दिवसांत दगावू शकते, म्हणून ‘उद्या बघू’ म्हणू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर तो बरा होत नाही, माणसातही नाही. कोणत्याही कुत्र्याने चावले किंवा ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लगेच सरकारी रुग्णालय गाठावे. गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्याच्या वाटेवरच्या शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचाही विचार करता येतो. पाळीव कुत्र्याच्या परवान्याची चौकशी महानगरपालिकेत त्याच आठवड्यात करून टाकावी.

सातवी पायरी: पहिले काही आठवडे

पिल्लू शक्यतो ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात आणावे, म्हणजे बाहेर शी-शू करण्याची सवय पाऊस सुरू होण्यापूर्वी पक्की होते. दिवाळीच्या फटाक्यांचा आठवडा मात्र टाळावा. पहिल्या काही रात्री ते रडते, कारण आई आणि भावंडांच्या उबेची सवय असते. त्याला वेगळ्या खोलीत कोंडण्याऐवजी आपल्या अंथरुणाशेजारी खोक्यात निजवावे, आणि रात्री एकदा-दोनदा उठून बाहेर न्यावे. घरात घाण झाली तर नाक घासणे, मारणे हे प्रकार करू नयेत. त्यातून ते एवढेच शिकते, की माणसासमोर करायचे नाही, सोफ्यामागे करायचे.

साधारण चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लू जे पाहते, ऐकते आणि हुंगते, त्याची भीती त्याला पुढे सहसा वाटत नाही. अडचण अशी, की याच काळात लसीकरण अपुरे असते आणि जमिनीवर सोडले तर पार्व्होची भीती असते. यावर उपाय म्हणजे त्याला कडेवर किंवा टोपलीत घेऊन बाहेर काढणे. संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर भेळेच्या गाड्यांपाशी थोडा वेळ मांडीवर घेऊन बसावे, रिक्षा थांबते तेथे दोन मिनिटे उभे राहावे, दुचाकीचा हॉर्न, प्रेशर कुकरची शिट्टी, रेनकोट घातलेला माणूस, काठी टेकत जाणारे आजोबा हे सगळे लांबून दाखवावे, आणि प्रत्येक वेळी उकडलेल्या चिकनचा शेंगदाण्याएवढा तुकडा भरवावा. ते तोंड फिरवू लागले, जांभया देऊ लागले किंवा खाणे नाकारू लागले, तर त्या दिवसापुरते पुरे समजून घरी आणावे. एकत्रित लसीचा शेवटचा डोस झाल्यावर आणखी एक-दोन आठवडे जाऊ द्यावेत, आणि मग पहिल्यांदा दोरी लावून, मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या नसतील अशा वेळी, त्याला रस्त्यावर चालवावे.